वारसा म्हणता, मग आराखडेही द्या

जर्मनीत गाडी तीस वर्षांची झाली, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली असली आणि तपासनिसाने तसं लिहून दिलं, की तिच्या नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागतं. मग इंजिन दीड लिटरचं असो की पाच लिटरचं, वर्षाचा कर ठरलेला : १९१ युरो ७३ सेंट. शहरांतल्या ज्या भागांत जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना मज्जाव आहे, तिथेही ही गाडी खुशाल जाते. एवढी मेहरबानी का, याचं उत्तर कायद्यातच दिलेलं आहे : अशी गाडी मोटारींचा सांस्कृतिक वारसा जपण्याच्या कामी येते. ही योजना १९९७ची. सवलतीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वारसा ठरवताना वय आणि वरवरची अवस्था एवढंच पाहण्याला. १९९७ साली तीस वर्षांची गाडी म्हणजे १९६७ची गाडी होती. आता नव्वदच्या दशकातल्या गाड्या त्याच दारातून आत येताहेत, आणि त्यांची जातकुळीच निराळी आहे.

हे नीट दिसावं म्हणून एकाच घराण्यातल्या दोन कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्या, शेजारी उभ्या करू. एक बीएमडब्ल्यूची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ३.० सीएसएल आणि दुसरी त्याच कंपनीची १९९२ ते १९९६ मधली ८५० सीएसआय. दोघीही ग्रँड टूररच्या वंशातल्या, म्हणजे दोन माणसांनी सामानसुमानासह शेकडो किलोमीटर न थकता, भरधाव कापावेत म्हणून बांधलेल्या. संग्राहक दोघींच्या मागे आहेत. त्यांच्यात तुलना होते ती रूपाची, आवाजाची आणि लिलावातल्या किमतीची. ती मी लवकर उरकणार आहे, कारण मला बोलायचंय ते बॉनेटखालच्या एका डब्याबद्दल.

आधी थोरली. १९६८ साली तिचं पहिलं रूप, २८०० सीएस, आलं. पुढे एका रांगेत सहा सिलिंडर, मधला खांब नसल्यामुळे सगळ्या काचा खाली केल्या की कडेला नुसतं उघडं आकाश, आणि बॉडी बांधणार ऑस्नाब्रुकची कारमान कंपनी. १९७१ मध्ये इंजिन तीन लिटरचं झालं. मग शर्यतीत उतरण्यासाठी नियमाने ठरावीक संख्येने रस्त्यावरच्या गाड्या विकणं भाग होतं, म्हणून हलकी सीएसएल निघाली. पत्रा पातळ केला, दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं केलं, आवाज अडवणारे थर काढून टाकले. जवळपास दोनशे किलो वजन उतरलं. गंमत अशी की पाचशे गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या करून इंग्लंडला पाठवल्या आणि तिथल्या गिऱ्हाइकांना उघडीबोडकी गाडी पसंत पडेना, म्हणून काढलेल्यातलं बरंचसं पुन्हा बसवून दिलं! १९७३ मध्ये या गाडीला ते प्रसिद्ध मागचं पंख आलं. जर्मनीच्या रस्त्यांवर ते बेकायदा होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला गाडी मिळायची तेव्हा पंख डिकीत ठेवलेलं असायचं. त्याच वर्षी सीएसएलने युरोपियन टूरिंग कार स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षाच्या शेवटी तेलाच्या टंचाईने पश्चिम जर्मनीत चार रविवार खाजगी गाड्याच बंद ठेवल्या गेल्या.

धाकटीचं नशीब याहून फारसं वेगळं नव्हतं. सप्टेंबर १९८९ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ८५०आय उभी राहिली. पाच लिटर, बारा सिलिंडर, ३०० अश्वशक्ती, वेग मुद्दाम अडवून ठेवलेला २५० किलोमीटरवर. वर उचलले जाणारे हेडलाइट, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२९, आणि थोरलीसारखाच मधला खांब गायब. दोन महिन्यांत बर्लिनची भिंत पडली. त्यानंतर आखाती युद्ध, मग मंदी. बारा सिलिंडरची कूपे घ्यायला कुणाला उसंत होती? तरीही १९९२ मध्ये मोटरस्पोर्ट विभागाने तिचं इंजिन ५.६ लिटरपर्यंत नेलं, ३८० अश्वशक्ती काढली, मागची चाकंही किंचित वळतील अशी व्यवस्था केली आणि ८५० सीएसआय या नावाने जेमतेम दीड हजार गाड्या बनवल्या. वजन अठराशे किलोंच्या वर. थोरलीच्या सगळ्या प्रकारांची मिळून संख्या तीस हजारांच्या थोडी वर भरते, आणि योगायोगाने धाकटीच्याही सगळ्या प्रकारांची तेवढीच.

रूपाचं म्हणाल तर माझं मत थोरलीकडे. तिच्या खिडकीच्या मागच्या कोपऱ्यातला तो बाक आजही नजर धरून ठेवतो. धाकटी देखणी आहे, पण तिच्याकडे पाहताना गाड्यांचा आकार तपासणाऱ्या वाऱ्याच्या बोगद्याची आठवण येते. बाजार मात्र तिच्यावर आता फिदा आहे. एके काळी दुर्लक्षित पडलेल्या सीएसआयने गेल्या काही वर्षांत लिलावात लाख डॉलरचा आकडा पार केला. चांगली सीएसएल तर त्याच्याही बरीच पुढे. इथवर नेहमीची तुलना संपली.

आता दुरुस्ती. थोरलीचा शत्रू एकच, गंज, आणि तो अक्राळविक्राळ आहे. तिच्याबद्दल हळवं होणाऱ्यांनी एकदा तिच्या पुढच्या मडगार्डच्या आत हात घालून पाहावा. चाकाने उडवलेला चिखल वरच्या कोपऱ्यात साचतो, ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. बाहेर रंग चकचकीत आणि खाली शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक ज्यावर टेकतो तो भागच कुजलेला, असं हमखास सापडतं. उंबऱ्याचा भाग कापला की आत जुन्या दुरुस्तीचे थरावर थर निघतात. हे काम महागडं आहे, चिवट आहे, महिनोन्महिने चालतं. पण ते कोण करतो? पत्रा ठोकणारा, वेल्डिंग करणारा, रंग मारणारा. त्याला म्युनिकमधल्या कंपनीची परवानगी लागत नाही. जुना तुकडा समोर ठेवला की तो त्याच मापाचा नवा घडवतो. मूळ कारागीर गेला तरी हुन्नर शिल्लक आहे, आणि तो शिकवता येतो.

धाकटीच्या इंजिनशेजारी बंद कप्पा आहे. तो उघडला की इंजिन चालवणारे कंट्रोल युनिट दिसतात, एक नव्हे, दोन. कारण हे बारा सिलिंडरचं इंजिन म्हणजे खरं तर एकाच क्रँकशाफ्टवर जोडलेली सहा-सहाची दोन इंजिनं. पाच लिटरच्या आवृत्तीत सिलिंडरचा व्यास ८४ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर आहे, अगदी त्याच कंपनीच्या अडीच लिटर सहा सिलिंडरवाल्या इंजिनाइतकाच. प्रत्येक अर्ध्याचा मेंदू स्वतंत्र. त्या दोघांना समजुतीने चालवायला तिसरा डबा, ईएमएल, कारण ॲक्सिलरेटरपासून थ्रॉटलपर्यंत इथे तारेची केबल नाही, विजेचा संदेश आहे. त्या डब्याचा दिवा डॅशबोर्डवर लागला की तीनशे घोड्यांची गाडी रांगायला लागते. युनिटचं झाकण काढलं तर हिरव्या पट्टीवर वाटाण्याएवढे कपॅसिटर असतात. तीस वर्षांत त्यातलं रसायन झिरपतं, आजूबाजूचे तांब्याचे मार्ग खातं. हा गंजच, फक्त नखाएवढ्या जागेतला. इथपर्यंत काळजी नाही. भिंगाखाली काम करणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला तो कपॅसिटर बदलतो, तुटलेला मार्ग बारीक तारेने जोडतो. पण शेजारी दोन ओळींत पाय असलेली काळी चिप आहे. इंजिन किती फिरतंय, हवा किती येतेय, त्यावर पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, याचे तक्ते तिच्यात विद्युतभाराच्या रूपाने साठवलेले. हा भार कायमचा नसतो. तो उतरला तर डोळ्यांना काहीही दिसत नाही. गंजाला निदान रंग असतो. आणि त्या चिपमध्ये काय होतं हे नव्याने घडवायला कुठल्याही मिस्त्रीचा हुन्नर पुरत नाही, कारण बघून माप घ्यायला समोर काही उरलेलंच नसतं.

‘जुनी गाडी साधी, नवी गुंतागुंतीची’ असं रडगाणं मला गायचं नाही. थोरलीच्याच घरात १९७१ची ३.० सीएसआय होती, तिच्यात विजेच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं बॉश कंपनीचं डी-जेट्रॉनिक इंजेक्शन होतं, आणि सीएसएललाही १९७२ पासून तेच मिळालं. म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबा १९७१ मध्येच आला होता. पण तो डबा सुट्या ट्रान्झिस्टर-रेझिस्टरचा. नकाशा कागदावर काढता येतो, एकेक भाग मोजता येतो, जुना रेडिओ दुरुस्त करणारा माणूस थोड्या अभ्यासाने त्यात हात घालू शकतो. तेव्हा रेष लोखंड आणि विजेच्या मधून जात नाही. जे उघडल्यावर वाचता येतं आणि जे उघडूनही वाचता येत नाही, त्यांच्या मधून जाते. एचच्या पाटीला ही रेष ठाऊकच नाही.

कुणी म्हणेल, ८५० अजून धावताहेत, मग कांगावा कशाला? धावताहेत, खरंच. पण का धावताहेत ते पाहा. नव्वदच्या दशकात ट्यूनिंगवाल्यांनी ताकद वाढवण्यासाठी या चिप वाचल्या, त्यातले तक्ते उतरवून घेतले, बदलून विकले. कंपनीच्या दृष्टीने ही चोरीच. आज तीस वर्षांनी एखादी चिप मेली तर हौशी लोक त्या उतरवलेल्या नकलांवरून नवी भरून घेतात. म्हणजे सरकार ज्याला सांस्कृतिक वारसा म्हणून करात सवलत देतं, तो जिवंत आहे तो काही उपद्व्यापी पोरांनी कुणाची परवानगी न घेता केलेल्या नकलांमुळे. याहून लाजिरवाणी जपणूक मला तरी दुसरी दिसत नाही. आणि हा दरवाजाही पुढे बंद होतो. नंतरच्या गाड्यांतले प्रोग्राम कुलूपबंद असतात. डब्याची ओळख गाडीच्या ओळखीशी बांधलेली असते. भंगारातल्या गाडीचा डबा काढून बसवावा तर गाडी त्याला घरात घेत नाही.

कंपनीचं म्हणणं ऐकायला हवं. बीएमडब्ल्यूचा स्वतंत्र क्लासिक विभाग आहे, जुन्या गाड्यांचे हजारो भाग तो आजही पुरवतो आणि याबाबतीत पुष्कळ कंपन्यांपेक्षा त्याचं काम सरस आहे. पण कुठला भाग पुन्हा बनवायचा हे मागणीवर ठरतं. काचेची रबरपट्टी पुन्हा बनवणं परवडतं, तीस हजारांतल्या उरल्यासुरल्या गाड्यांसाठी एक कंट्रोल युनिट पुन्हा घडवणं परवडत नाही. यात कंपनीचा दोष नाही. पण जी गोष्ट एका कंपनीच्या मर्जीवर आणि ताळेबंदावर टिकून आहे तिला सार्वजनिक वारसा म्हणता येत नाही. फार तर ती कंपनीची पुराणी मालमत्ता, आणि ती सांभाळायला जनतेने कर का सोडावा?

माझं मागणं साधं आहे. एखाद्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक भाग बनवणं कंपनीने थांबवलं, शिल्लक साठाही संपला, तर ठरावीक मुदतीनंतर त्याचा सर्किट-आराखडा आणि आतला प्रोग्राम खुला करावा. नवीन मॉडेलला रस्त्यावर यायची मंजुरी देतानाच ही कागदपत्रं सीलबंद जमा करून घ्यावीत. जर्मनीत छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाच्या लाइपझिग आणि फ्रँकफुर्टच्या दालनांत जमा करणं प्रकाशकाला बंधनकारक आहे. त्यात कुणाला प्रकाशकाच्या स्वातंत्र्यावर घाला वाटत नाही. फ्लेन्सबुर्गच्या वाहन कार्यालयाला गाडीच्या प्रत्येक स्क्रूची मंजुरी पाहता येते, तर एक सीलबंद पाकीट ठेवून घेणं काही अवघड नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, व्यापारी गुपितं. तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलच्या तक्त्यात आज कुठलं गुपित उरलंय? स्पर्धक विजेच्या गाड्या बनवतोय. दुसरा, चोरी. इमोबिलायझरचे संकेत खुले केले तर चोरांचं फावेल. हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच किल्ली ओळखणारा भाग या मागणीतून वगळावा. मात्र दार उघडताना काच बोटभर खाली सरकवणाऱ्या डब्यात सुरक्षेचं कुठलं रहस्य आहे ते मला समजलेलं नाही. तिसरा आक्षेप असा की डबे बॉशसारख्या पुरवठादारांचे, हक्क त्यांचे, कंपनी देणार कुठून? कंपनी आणि पुरवठादार यांच्यात करार होतातच, त्यात आणखी एक कलम येईल.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल त्यात आहेत, मोटारी नाहीत. मोटारींसाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांनुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना द्यावी लागते, पण ती माहिती म्हणजे दुरुस्तीची पद्धत आणि दोष शोधायची साधनं. बंद पडलेला डबा नव्याने बनवता येईल असं काही तिच्यातून हाती लागत नाही.

एक गोष्ट मान्यच करायला हवी. सीएसएल आणि सीएसआय ही श्रीमंतांची खेळणी आहेत. त्यांच्या मालकांचं कसं होणार म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये. कुणी सवलतच रद्द करा म्हणालं तर मी फार भांडणार नाही. पण एचची पाटी फक्त खेळण्यांना लागत नाही. त्याच काळातली साधी गोल्फ, साधी ओपेल, टॅक्सी म्हणून राबलेली मर्सिडीज, याही तीस वर्षांच्या झाल्या की रांगेत येतात, आणि त्यांच्याही पोटात तसेच डबे आहेत. फरक एवढाच की सीएसआयच्या मालकाला डब्यामागे काही हजार युरो घालवणं परवडतं, ओपेलवाला गाडी भंगारात काढतो. म्हणजे आजच्या नियमाने पुढच्या पिढीसाठी जे उरेल ते निवडून फक्त महागडं. साठच्या दशकातली सामान्य माणसाची बीटल आज रस्त्यावर दिसते कारण ती कुणालाही दुरुस्त करता येते. नव्वदच्या दशकातला सामान्य माणूस मात्र संग्रहालयातून गायब झालेला असेल.

आपल्याकडे मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार विंटेज ठरायला पन्नास वर्षं लागतात, नोंदणीला वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच बाहेर. जर्मन नियमापेक्षा हा कडक आहे, पण चूक तीच : तोही वय मोजतो. उलट पन्नास वर्षं वाट पाहायची म्हणजे कपॅसिटर आणि चिपला आणखी वीस वर्षं कुजू देणं.

आणि हा प्रश्न म्युनिकपुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर संयुक्त कंपनी काढली, पुणे, बंगळुरू आणि चेन्नईत, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी. हिंजवडीच्या वाहतूक कोंडीतून रोज ऑफिस गाठणारी मुलंमुली आज जे लिहिताहेत, तो २०५५ मधल्या कुठल्यातरी कूपेचा मेंदू असेल. तो कोड कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या आवृत्तीत, कुणाच्या ताब्यात राहील हे त्यांनाही ठाऊक नसणार. ८५० मध्ये निदान हातात धरता येईल अशी चिप होती.

१९७५ मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डरने एक सीएसएल रंगवली, कंपनीच्या आर्ट कार मालिकेतली पहिली, आणि ती ल मॉंच्या शर्यतीत धावली. बरोबर वीस वर्षांनी चित्रकार डेव्हिड हॉकनीने ८५० सीएसआय रंगवली. काल्डरने पत्र्यावर लाल, पिवळे, निळे मोठाले आकार ओतले. हॉकनीने बॉनेटवर इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या काढल्या आणि मागे बसलेला कुत्रा बाहेरून दिसेल असा चितारला, जणू पत्रा पारदर्शक आहे. दोन्ही गाड्या कंपनीने जिवापाड सांभाळल्या आहेत. हॉकनीच्या गाडीतलं कंट्रोल युनिट बिघडलं तर ते दुरुस्त करायला कंपनीचे इंजिनिअर आहेत, मूळ आराखडे आहेत, पैसाही आहे. बाकीच्या दीडेक हजार सीएसआयचे आराखडे त्याच कपाटात आहेत. १९९९ मध्ये बनलेली धाकटीच्या घराण्यातली शेवटची गाडी तीस वर्षांची होईल २०२९ मध्ये. कायदा बदलायचा तर तोवर वेळ आहे, फार नाही.